रंगापूर्वी लाकडाचा ओलावा

झाड तोडले की लाकडाचा पाण्याशी संबंध संपला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तोडलेले लाकूडही हवेच्या दमटपणानुसार ओलावा घेते व सोडते. त्याप्रमाणे ते फुगते आणि आक्रसते.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी येथे मुसळधार पाऊस. तर पाथर्डी, जामखेडकडे कोरडी हवा. ओल्या लाकडाची दारे रंगविली, तर उन्हाळ्यात फळ्यांना फटी पडतात, व्हार्निशचे पोपडे निघतात. शाळेच्या बाकांवर ग्रामपंचायतीने केलेला खर्च वाया जातो आणि दोष सुताराच्या माथी येतो.

ओलावा मोजण्याची रीत सोपी आहे. फळीचा तुकडा तोलावा, सुमारे १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिरावेपर्यंत वाळवावा, पुन्हा तोलावा. ६०० ग्रॅमचा तुकडा ५०० ग्रॅम भरला, तर ओलावा २० टक्के. दारे-बाकांसाठी तो १२ टक्क्यांच्या आसपास असावा. अशी सोय नसल्यास कोरड्या ऋतूत एकच फळी दर आठवड्याला तोलावी. वजन घटणे थांबले की ती हवेशी जुळली असे समजावे.

फळ्या सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात. पाण्यातील रंगाने तंतू उभे राहतात. म्हणून आधी ओले फडके फिरवून, वाळल्यावर पॉलिश-पेपरने घासावे.

रंगकामाची मंजुरी देण्यापूर्वी ओलाव्याची नोंद पाहण्याची शिस्त लागली, तर गावाचा पैसा वाचेल.