बिघडली का हो?



संगणकाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला मनीषनगरात 'काका, जरा येऊन पाहता का?' ही हाक चुकत नाही. निम्म्या वेळा वायरच निघालेली असते. त्याचा मला राग नाही. परंतु गेल्या महिन्यात शेजारच्या एका वृद्ध बाईंनी आपल्या कैलासवासी यजमानांच्या आठवणींची १९९८ सालची फाईल पुढे केली. उघडली, तो पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे!

"बिघडली का हो?"

बिघडली नव्हती. त्या काळच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवीत. कृतिदेवात 'मराठी' लिहा, यंत्र साठविणार 'ई, जे, के, मोठा बी, एच'. फाँट गेला की मराठी गेली. वास्तविक भारतीय लिपींचे इस्की हे मानक १९९१ साली ठरले होते. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छापलेला कागद सुरेख दिसे. आत काय साठले, ते पाहतो कोण? मीही पाहिले नाही. उलट कितीएक कचेऱ्यांत असले फाँट मी स्वहस्ते बसविले.

नातवाला ते मोबाईलवर वाचावयाचे आहे, म्हणून फाईल युनिकोडमध्ये पालटली. आता ऱ्हस्व इकार जुन्या फाँटात व्यंजनाच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलटे! शब्द विस्कटले. रोज संध्याकाळी बाई वाचतात, मी दुरुस्त करतो. काल एका शब्दाशी अडलो: 'वर्षा' की 'वर्धा'?

बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "वर्धाच. आमचं लग्न तिथं झालं."