टंचाई कुणाची?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

दोस्तांनो,

मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. ह्याला खनिजांवर बोलायला कशाला उभा केला, असं मागं कुणीतरी पुटपुटलं. सांगतो. ओझं कुठून निघालं, कुठं उतरलं आणि मधे कुणाची मान मोडली, हे हमालाला कळतं. आज तेवढंच बोलणार आहे.

खिशातला फोन काढा. हातात धरा. त्याच्या बॅटरीत चिमूटभर कोबाल्ट असतं. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त एकट्या काँगोतून येतं. तिथं कोल्वेझी नावाचं शहर आहे. शहरातल्या कासुलो वस्तीत 2014 साली एकानं घरापाशी खणलं, खाली खनिज लागलं. बघता बघता लोकांनी राहत्या खोल्यांच्या जमिनी फोडल्या. वर चूल, खाली भुयार. भुयाराला टेकू नाही, हवेची सोय नाही. खनिज धुवायला, निवडायला पोरं. 2019 च्या जूनमध्ये कोल्वेझीजवळच्या एका खाणीत दरड कोसळली, हातानं खणणारी तीसहून जास्त माणसं गेली.

खणलेला माल पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे न्यायचा. काटा व्यापाऱ्याचा. खनिजात कोबाल्ट किती टक्के, हे सांगणारं यंत्रही त्याचंच. सावकाराचं माप आपल्या आज्या-पणज्यांनी बघितलंय. मी जास्त काय सांगू?

आणि इकडं मोठमोठ्या परिषदांत साहेब लोक गळा काढतात : खनिजांची टंचाई आहे, स्वच्छ ऊर्जा अडलीय! कसली टंचाई? 2025 च्या फेब्रुवारीत काँगो सरकारनं कोबाल्टची निर्यातच थांबवली. का? बाजारात माल इतका झाला होता की भाव मातीमोल झाला होता. पुढं ऑक्टोबरपासून बंदी उठवून कोटा लावला. 2026 आणि 2027 साठी वर्षाला 96,600 टन. माल उतू जात होता तेव्हाही खणणाऱ्याच्या घरात टंचाई होतीच. भाकरीची होती, टेकूची होती. ती कुठल्या परिषदेच्या कागदावर आली नाही.

महाडच्या तळ्यात पाणी कमी नव्हतं, दोस्तांनो. 1927 साली बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती दुष्काळ हटवायला नव्हे. पाणी कुणाचं, हा सवाल होता. आज खनिजाचा सवालही तोच आहे.

कुणी म्हणेल, मग कोळसा, डिझेलच बरं. अजिबात नाही! तो धूर पहिल्यांदा आपल्याच छातीत शिरतो. माहुलमध्ये रिफायनऱ्यांच्या शेजारी कुणाला नेऊन टाकलं, ते आपण बघितलंय. ऊन तापतं तेव्हा पहिला भाजतो तो पत्र्याखालचा माणूस. स्वच्छ वीज आपल्याला सगळ्यांच्या आधी पाहिजे. पण एकाची छाती साफ करायला दुसऱ्याला भुयारात गाडायचं, हे आपल्याला मंजूर नाही. आता लोह आणि फॉस्फेटच्या बॅटऱ्या निघाल्यात, त्यांना कोबाल्ट लागत नाही. चांगलंच आहे. पण मग कासुलोवाल्याचं काय? गरज होती तोवर गाडला, गरज सरली की उपाशी मारायचा?

आता आपल्या देशाकडे या. 2023 साली केंद्र सरकारनं 30 खनिजांची यादी काढली. ही अत्यावश्यक, म्हणाले. कोबाल्ट, लिथियम, तांबं सगळं त्यात आहे. आणि 2025 च्या सप्टेंबरात पर्यावरण मंत्रालयानं फर्मान काढलं : अशा खनिजांच्या खाणींना जनसुनावणीची गरज नाही. कारण काय, तर देशाचं संरक्षण. म्हणजे ज्याच्या पायाखालची जमीन खणणार, त्याला विचारायचंच नाही. अरे, जनसुनावणीत आधीच ऐकत कोण होतं? पण तिथं उभं राहून ‘नाही’ म्हणायची एक जागा होती. तीही काढून घेतली. मग तो आदिवासी ह्या देशात येतो की नाही?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1944 साली, कोळसा खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. पैसा कुठून? खाणीबाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर लावून. महायुद्ध चालू होतं, कोळसा तेव्हाही अत्यावश्यकच होता. तरी मालाच्या टनात मजुराचा वाटा धरता आला. मग आज का धरता येत नाही?

म्हणून आपलं मागणं साधं आहे. जनसुनावणी परत आणा. ग्रामसभा ‘नाही’ म्हणाली तर कुदळ खाली ठेवा. काटा आणि यंत्र मजुराच्या माणसासमोर चालवा. प्रत्येक टनात खणणाऱ्याचा वाटा धरा, इथंही आणि काँगोतही. निवेदनाचा कागद टेबलावर ठेवलाय. वाचा, पटलं तर सही करा, नाही पटलं तर माझ्याशी भांडा.

फोन आता खिशात ठेवा. त्याचं वजन वाढलंय का, तेवढं बघा.

जय भीम!