लिव्हर सिरॉसिस: ताटात काय वाढायचं, घरच्यांनी काय बघायचं

आजचा विषय लिव्हर सिरॉसिस. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हा शब्द दिसला की नातेवाईकांत कुजबुज सुरू होते, "पीत असणार!" दारू हे मोठं कारण आहेच. पण हिपॅटायटिस बी आणि सी, शिवाय मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारं फॅटी लिव्हर, यांनीही सिरॉसिस होतो. थेंबही न घेतलेल्या आजीलासुद्धा होतो. तेव्हा आधी ती कुजबुज थांबवूया.

होतं काय, तर वर्षानुवर्षं इजा होऊन यकृतात व्रण साठतात, ते कडक होतं. रक्ताला आतून वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो. मग पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. झालेले व्रण बहुतेक वेळा पूर्ण जात नाहीत. पण मूळ कारण थांबवलं, म्हणजे दारू पूर्ण बंद, बी-सीवर औषध, तर उरलेलं यकृत बरीच वर्षं साथ देऊ शकतं.

आता जेवण. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की वरण बंद, दूध बंद, नुसता उसाचा रस आणि भाताची पेज. हे चुकीचं आहे. या आजारात स्नायू झपाट्याने झिजतात. वजनाच्या दर किलोला रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. डाळ, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं. यकृतात साखरेचा साठा कमी राहतो, म्हणून रात्रभर पोट रिकामं नको. झोपताना कपभर दूध आणि थोडं खाणं द्या. कडक उपवास तर नकोच.

पोटात पाणी असेल तर दिवसभराचं मीठ सगळं मिळून साधारण 5 ग्रॅम, सपाट एक चमचा. पापड, लोणचं, फरसाण त्यातच मोजायचं. सैंधव हेही मीठच! आणि 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घरच्यांनो, एक गोष्ट नीट बघा. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, सही वाकडी येते, बोलताना गोंधळतो. "वय झालं" म्हणून सोडू नका. यकृताने न गाळलेल्या विषारी द्रव्यांचा हा मेंदूवरचा परिणाम असू शकतो. यासाठी लॅक्टुलोज देतात, दिवसाला 2-3 वेळा मऊ शौच व्हावी म्हणून. "जुलाब होतात" म्हणून ते परस्पर बंद करू नका, डोस विचारून बदला. झोपेची गोळी, डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि कुणीतरी सांगितलेला काढा, हे तिन्ही मनाने घ्यायचं नाही.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, गुंगी, किंवा पोटात पाणी असताना ताप-पोटदुखी: सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

आणि बरं वाटत असलं तरी दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी. यकृताचा कॅन्सर लवकर सापडला तर उपचाराला वाव असतो. पुढची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. काळजी घ्या, भेटूया पुढच्या भागात.