कूलर चालू, खिडकी बंद: थर्मोडायनॅमिक्सचा पहिला धडा

ऊन लय तापून राह्यलं ना बाप्पा? मग आज कूलरवरच बोलू. पण आधी माझी एक चूक सांगतो.

मी अमरावतीला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स, दोन्ही पेपर मे महिन्यात. शेवटचा पेपर दिला, बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्याला घरी आलो. दुपारचे दोन वाजले होते. आजी आतल्या खोलीत पलंगावर पडलेली. कूलर खोलीच्या आतच ठेवलेला, दार लोटलेलं, खिडकीवर जाड चादर. गरम झळा आत येऊ नयेत म्हणून.

आजी म्हणाली, "बापू, कूलर तं फिरून राह्यला, मंग जीव काहून घाबरून राह्यला?"

मी काय केलं? टाकीत अजून पाणी ओतलं, पंखा फुल केला. अर्ध्या तासात आजीला उलटी झाली, भोवळ आली. दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, संध्याकाळपर्यंत ती सावरली. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "खोलीत हवा खेळते का?" मी गप्प. वेट बल्ब तापमानाची व्याख्या मी त्याच आठवड्यात पेपरात लिहून आलो होतो.

आता नीट समजून घेऊ.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून हवा जाते तेव्हा पाणी ही उष्णता हवेतूनच घेतं, म्हणून हवा गार होते. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली धरा. तिच्यात साधारण ३० किलो हवा असते. एक लिटर पाणी उडालं, तर अशा सहा खोल्यांची हवा १२ अंशांनी गार होऊ शकते. म्हणजे ताकद लय आहे.

पण ती उष्णता गेली कुठं? पहिला नियम सांगतो, ऊर्जा नष्ट होत नाही. ती वाफेत लपून बसली. तिला आपण गुप्त उष्णता म्हणतो. थर्मामीटरला ती दिसत नाही, पण आहे तिथंच. एसी उष्णता उचलून बाहेर फेकतो. कूलर फक्त तिचं रूप बदलतो. तिला घराबाहेर काढायचं काम आपलं.

आता फ्लुइड मेकॅनिक्स. खोली म्हणजे आपला कंट्रोल व्हॉल्यूम. जेवढी हवा आत, तेवढी बाहेर गेलीच पाहिजे. कूलर खिडकीत आहे आणि बाकी सगळं बंद आहे, तर आत दाब वाढतो आणि नवी हवा येणंच कमी होतं. कूलर खोलीच्या आत असेल, तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो. हवा वाफेनं भरली, की पाणी उडायचं थांबतं.

आणि इथं खरा धोका आहे. आपला घाम म्हणजे शरीराचा कूलर. दमट हवेत घामही उडत नाही. मी पाणी ओतून आजीचा स्वतःचा कूलर बंद पाडत होतो!

कूलर हवेला जास्तीत जास्त वेट बल्ब तापमानापर्यंत नेऊ शकतो. मे महिन्यात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा आकडा येतो साधारण २३. चांगला कूलर २८-२९ ची हवा देतो. जूनमध्ये ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरली, तर तोच आकडा २९ वर जातो. म्हणून पहिल्या पावसानंतर कूलर लावला की नुसतं चिकचिक होतं. तेव्हा पाण्याचा पंप बंद करा, खिडक्या उघडा, नुसता पंखा चालवा.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं गेला, तेव्हा जिल्ह्यात उन्हामुळं कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा दिवसांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांची खोली एकदा बघून या. कूलर बाहेरची हवा ओढतो का? समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी आहे का?

आम्ही दुसऱ्याच दिवशी कूलर खिडकीत बसवला आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवलं. मी आजीला कंट्रोल व्हॉल्यूम समजावून सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माठ काय आपण कपाटात ठेवतो का बापू? वाऱ्यावरच ठेवतो ना? एवढ्यासाठी अमरावतीले गेलता?"

पुढच्या भागात एन्ट्रॉपी. तोपर्यंत पाणी पीत राहा, आणि आज घरी गेल्यावर ती खिडकी तेवढी उघडा.