मूल ऐकते तसेच लिहिते

(मदतनीस मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी आपण मुलांसाठी पाट्या, पेन्सिली आणि पाढ्यांचे तक्ते प्रेमाने पाठवता. आज मला त्या तक्त्यांविषयी बोलायचे आहे.

गडचिरोलीकडे मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम असतो. पहाटे जंगलात गेलेले आईबाप पाने घेऊन येतात आणि सारे घर पुडे बांधायला बसते. ७० पानांचा एक पुडा. सात-आठ वर्षांची लेकरेही हाताखाली असतात. पुडा कमी भरला तर फळीवर बोलणी खावी लागतात, म्हणून मोजणी चोख असते. हीच लेकरे शाळेत मात्र 'गणितात कच्ची' ठरतात.

घरात गोंडी. उंदी, रंड, मुंड असे मोजणाऱ्या मुलाला गुरुजी सांगतात, 'एकवीस लिही.' कानावर आधी एक पडतो, मग वीस. मूल १२ लिहिते. पंचवीसचे ५२ होतात. एकोणतीस तर त्याहून अवघड, कारण कानाला ऐकू येतात तीस आणि लिहायची सुरुवात २ पासून. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. (रविवारी गीत क्रमांक एकोणऐंशी म्हटले की आपली इंग्रजी माध्यमातली मुले एकोणनव्वद उघडतात, तेव्हा आपण कौतुकाने हसतो. गोंड मुलाला मात्र मागच्या रांगेत बसवले जाते, आणि पुढे ते शाळेतच येईनासे होते.)

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी कारण समजावून सांगितले, तरी थट्टा थांबली नाही. ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांना थट्टा परवडते. माझे मत असे की जुनी नावे सोडू नयेत, दुकानदार एकवीसच म्हणणार. पण सुरुवातीला 'वीस एक' हा आधार द्यावा.

आणि त्याआधी हातात काड्या द्याव्यात. दहा काड्यांची एक जुडी, बाकीच्या सुट्या. दोन जुड्या आणि एक काडी म्हणजे २१, मग तिला नाव काहीही द्या. ३२ मधून १५ काढायचे आहेत. तीन जुड्या, दोन सुट्या. दोनातून पाच निघत नाहीत, तेव्हा मूल आपणच एक जुडी सोडते. बारा सुट्या झाल्या. पाच काढल्या, सात उरल्या. राहिलेल्या दोन जुड्यांतली एक गेली. १७! फळ्यावर 'उसना घ्या' असे वर्षभर ओरडून जे कळत नाही, ते दोरा सोडताना कळते. यात नवे काही नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना परिसरातल्या वस्तूंतूनच शिकवले.

तेंदूची मजुरी शेकडा पुड्यांच्या दराने मिळते. हिशेब करणारा मुनशी बाहेरचा असतो. घरातल्या एकाला तरी तो हिशेब पडताळता आला पाहिजे.

म्हणून यंदा तक्ते नकोत. त्या पैशातून गावातल्याच बारावी झालेल्या एखाद्या मुलीला मानधन देता येईल, जी वर्गात बसून 'किती उरल्या?' हे गोंडीत विचारेल. काड्या आम्ही जंगलातून आणू. दोरा आणि रबरबँड तेवढे जूनच्या आत पाठवा.