बाळंतिणीचं रक्त किती गेलं?
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

सिझर झालेल्या बाईला वॉर्डात आणलं की तिची आई किंवा सासू आधी चादर बघते. लाल दिसली तरी म्हणते, ‘बाळंतिणीचं अंगावरून जायचंच.’ खरं आहे. पण किती जायचं? सिझरमध्ये एक लिटर रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव, असं आम्ही शिकलो. अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून कमीही सोसत नाही.

दिवस भरत आले की गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते सैल राहिलं, तर नळ उघडाच राहतो. म्हणून बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिन देतात.

खरी अडचण मोजण्याची. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर एक साधी गोष्ट वापरून पाहिली. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी. 2006 साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरत होता! ही पाहणी नैसर्गिक बाळंतपणातली. सिझरमध्ये तर रक्तात गर्भजल मिसळतं, म्हणून सक्शनच्या बाटलीकडे लक्ष ठेवायचं आणि भिजलेल्या पट्ट्या वजन करून मोजायच्या. शिवाय टाके घातल्यावर पोटात आत रक्त साचलं, तर चादर कोरडीच राहते. नाडी जलद, बाई बेचैन, तोंडाला कोरड, अशा वेळी नातेवाइकांनी ‘दमली असेल’ म्हणून थांबू नये, सिस्टरांना हाक मारावी.

उपाय आता बरेच आहेत. ट्रानेक्सॅमिक ॲसिडचं इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, हे 2017 साली वीस हजार बायकांवरच्या अभ्यासात दिसलं. गर्भाशयात फुगा भरून दाब देता येतो. डॉ. बी-लिंच यांनी 1997 साली मांडलेला, पिशवीला बाहेरून आवळणारा टाका आहे. काहीच चाललं नाही, तर गर्भाशय काढावं लागतं. त्या निर्णयाला उशीर करणं महागात पडतं. आणि रक्त हवंच. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाला स्वतःची रक्तपेढी आहे, गल्लीतल्या नर्सिंग होमला ती नसते.

आमच्या रहाटणीत चाकण-भोसरीच्या कंपन्यांतली कुटुंबं पुष्कळ. सून आठव्या महिन्यात मराठवाड्यात माहेरी जाते, फाइल मात्र इथंच कपाटात राहते. आधीच्या सिझरचा कागद, रक्तगट, सोनोग्राफी, सगळं.

अशीच एक बाई निघायच्या तयारीत होती. पहिलं सिझर झालेलं, आणि सोनोग्राफीत वार खाली, जुन्या टाक्यांच्या जागी रुतलेली. मी म्हटलं, ‘ताई, जाऊ नका, आईलाच इकडे बोलवा.’ घरात दोन दिवस कुरबूर झाली, पण आई आली. नवऱ्याच्या शिफ्टमधल्या मुलांनी रक्त दिलं. ऑपरेशन रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयात, दिवसाउजेडी ठरवून केलं. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या, गर्भाशय काढावं लागलं. आठव्या दिवशी ती मुलीला घेऊन घरी गेली.