आधी तालीम



आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांत आयुष्य गेल्यामुळे अंगमेहनत देहाचे काय करते ते जवळून पाहिले. उरलेले वाचून आणि जाणत्यांना विचारून मिळविले. आजचा विषय पारलिंगी पुरुषांच्या व्यायामाचा. जन्मतः ज्यांची नोंद मुलगी म्हणून झाली, परंतु जे स्वतःस पुरुष म्हणूनच ओळखतात, ते हे लोक. त्यांतले जे टेस्टोस्टेरॉन घ्यावे की काय या विचारात असतात, ते पुष्कळदा म्हणतात, "एकदा इंजेक्शन सुरू होऊ द्या, मग तालमीला जाऊ." हे आम्हांला पटत नाही.

मायकेल डिलन या इंग्रज गृहस्थांचे पाहा. ऑक्सफर्डला स्त्रियांच्या होडीत वल्ही मारून त्यांनी बाहू कमावले. टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या मिळाल्या त्या नंतर, 1939 साली. युद्धकाळात ते ब्रिस्टलच्या एका गॅरेजात राबले आणि तेथे सोबत्यांची कुचेष्टा त्यांनी सोसली. (कामगार म्हणजे सगळे साधू, असे आम्ही कधीच म्हटलेले नाही.) पुढे डब्लिनला वैद्यक शिकताना ते पुरुषांच्या होडीत वल्ही मारू लागले. 1962 साली त्यांचा अंत आपल्याच देशात, डलहौसीला झाला. गोळ्यांनी त्यांना पुष्कळ दिले. पण वल्हे धरण्याची सवय गोळ्यांच्या आधीची होती.

औषधाने स्नायू वाढतात, हे खरे. मात्र तो फरक दिसू लागण्यास साधारण सहा महिने ते वर्ष जाते, आणि पुरा होण्यास दोन ते पाच वर्षे. धोका याच काळात असतो. स्नायू लवकर बळावतो; त्याला हाडाशी बांधणारी कंडरा सावकाश तयार होते. नव्या हमालाच्या पाठीवर मुकादमाने पहिल्याच आठवड्यात जुन्याइतके ओझे चढविले, तर तो महिनाभर घरी बसतो. इथेही न्याय तोच. अंगात जोर आला असे वाटले, तरी वजन थोडेथोडेच वाढवावे. आठवड्यास 150 मिनिटे भराभर चालणे आणि निदान दोन दिवस जोर-बैठका किंवा वजने, एवढे आजपासून करता येते. पुढे औषध न घेण्याचे ठरले, तरी त्यातले काही वाया जात नाही.

औषध घ्यायचे तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकते. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी लागते. विडी-सिगारेट त्यात भर घालते. व्यायामशाळेच्या कोपऱ्यात हातोहात विकल्या जाणाऱ्या कुप्यांना शिवूसुद्धा नये. आणि एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी: औषध सोडल्यास कमावलेले स्नायू ओसरतात, पण घोगरा झालेला आवाज परत फिरत नाही.

छाती सपाट दिसावी म्हणून पुष्कळजण घट्ट पट्टा बांधतात. त्यात पुरता श्वास घेता येत नाही, बरगड्या दुखावतात. दमाच्या व्यायामाला तो उतरवावा. हे सांगणे सोपे आहे. दहा जणांच्या नजरेसमोर पट्टा काढून उभे राहणे कठीण, आणि म्हणूनच कित्येक जण तालमीच्या दारावरून परत जातात. या सभेत व्यायामशाळा चालविणारे काहीजण बसले आहेत. त्यांच्याकडे आमची मागणी लहानशीच आहे: कपडे बदलण्यास एक स्वतंत्र खोली, आणि तिला आतून लागणारी कडी.